दोनशे बारा नावांचा हिशेब: डॉट इन डोमेनमधील एका गुंतवणुकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक शहरातील एका गृहस्थांचे आहे. त्यांना येथे श्री. क म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, रकमा ढोबळ केल्या आहेत, आणि विकत घेतलेले किंवा विकलेले एकही डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, जसेच्या तसे दिलेले नाही. संगणकदुरुस्ती आणि लहान व्यावसायिकांसाठी संकेतस्थळे तयार करून देणे हा श्री. क यांचा मूळ व्यवसाय. घरचा आणि दुकानाचा हिशेब त्यांच्या पत्नी ठेवतात, आणि या प्रकरणाला जे काही वळण मिळाले ते बरेचसे त्यांच्या वहीमुळे मिळाले.

२०१९ मध्ये श्री. क यांच्या एका ग्राहकाला हवे असलेले डॉट इन नाव दुसऱ्याच कोणी तरी नोंदवून ठेवलेले निघाले. ग्राहकाने ते २५ हजार रुपयांना विकत घेतले आणि तो सौदा श्री. क यांच्याच मध्यस्थीने पार पडला. दोनअडीचशे रुपयांत नोंदवलेल्या नावाला २५ हजार मिळतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्या वर्षअखेरपर्यंत स्वतः १४ नावे घेतली.

डॉट इन हा भारताचा देशदर्शक प्रत्यय, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणारा देशाचा संकेत, आहे. १९९२ ते २००४ या काळात त्याखाली जेमतेम सात हजार नावे नोंदवली गेली होती, कारण नियम कडक होते. नियम सैल झाल्यावर फेब्रुवारी २००५ पासून ही नोंदणी सर्वांना खुली झाली. तिचे व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या ना-नफा संस्थेकडे आहे. नाव घेण्यासाठी भारतात राहण्याची किंवा येथे कंपनी असण्याची अट नाही. जो आधी येईल त्याला नाव मिळते, एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते आणि नूतनीकरण चालू असेपर्यंत ते नाव त्याच्याकडे राहते. पुनर्विक्रीसाठी नावे साठवणाऱ्यांना ही मोकळीक सोयीची वाटते. तिचीच दुसरी बाजू अशी की ती सर्वांनाच मिळालेली असल्यामुळे उघडपणे चांगली दिसणारी नावे २००५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच संपली. श्री. क २०१९ मध्ये बाजारात उतरले तेव्हा शिल्लक होते ते बहुतांशी इतरांनी पाहून सोडून दिलेले होते.

साठा वाढत गेला तो कसा

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद होते आणि नावे नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांच्या सवलती चालू होत्या. पहिल्या वर्षासाठी नाव सरासरी २५० रुपयांत मिळत असे. त्या एका वर्षात त्यांनी ९२ नावे घेतली. त्यांत टाळेबंदी, निर्जंतुकीकरण आणि घरबसल्या काम या विषयांची बरीच होती. पुढच्या वर्षी आभासी चलनांची हवा होती, त्यामुळे आणखी ११५ नावे आली. मधल्या काळात सात नावे त्यांनी सोडून दिली आणि दोन विकली गेली. २०२१ च्या अखेरीस हाती २१२ नावे होती.

विक्री झाली होती ती दोन नावांची, १८ हजार आणि १२ हजार रुपयांना, तीही एका विक्रीमंचामार्फत. मंचाचे कमिशन वजा जाता २४ हजार हाती आले. तोवरचा खर्च होता सुमारे १ लाख ४२ हजार. तरीही श्री. क समाधानी होते. डोमेनची किंमत सांगणारी जी स्वयंचलित साधने महाजालावर फुकट मिळतात, त्यांच्या आकड्यांची बेरीज करून त्यांनी साठ्याचे मूल्य ३८ लाख काढले होते. ही साधने नावातील शब्द, त्याची लांबी आणि पूर्वी झालेले सौदे यांवरून आकडा काढतात. त्या नावासाठी आज कोण पैसे मोजणार आहे हे त्यांना माहीत नसते.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

पहिली गोष्ट पत्नीच्या वहीतली. येत्या वर्षात सगळी नावे टिकवायची तर करासह नूतनीकरणाचा दर सरासरी ७८० रुपये पडणार होता, म्हणजे २१२ नावांचे १ लाख ६५ हजार. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी मिळत नाही ही गोष्ट श्री. क यांना माहीत नव्हती असे नाही. मात्र नोंदणीच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असल्यामुळे हा खर्च कधी एकरकमी समोर आलेला नव्हता. दर आठवड्याला तीनचार हजार जात आणि ते दुकानाच्या खर्चात मिसळून जात.

दुसरी गोष्ट एका वकिलाच्या ईमेलची. एका नामांकित कंपनीच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाला शहराचे नाव जोडून तयार केलेले एक डॉट इन नाव श्री. क यांच्याकडे होते आणि कंपनीने ते परत मागितले होते. श्री. क यांनी कोणालाही न विचारता दोन तासांत उत्तर पाठवले: ७५ हजार रुपये द्या, नाव घेऊन जा. त्यानंतर आलेल्या औपचारिक नोटिशीत त्यांच्या याच उत्तराचा हवाला होता. ती नोटीस घेऊन ते माझ्याकडे आले. मी त्यांचा जुना परिचित असून संकेतस्थळांच्याच व्यवसायात आहे. कायद्याचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तेवढ्या भागासाठी त्यांना वकिलाकडे पाठवले.

नोटिशीसंबंधी पर्याय

डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी २००५ पासून स्वतंत्र तंटा निवारण धोरण आहे. त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या चिन्हाशी सारखे किंवा संभ्रम होईल इतके जवळचे आहे, नाव धारण करणाऱ्याचा त्यावर न्याय्य हक्क किंवा हितसंबंध नाही, आणि नाव दुष्ट हेतूने नोंदवले आहे किंवा तसे वापरले जात आहे. यातील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉट कॉमसाठीच्या आंतरराष्ट्रीय धोरणात नोंदणी आणि वापर, दोन्ही दुष्ट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडे दोहोंपैकी एक पुरते. शिवाय चिन्हाच्या मालकालाच, झालेल्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्याच्या मुख्य उद्देशाने नाव नोंदवणे हा दुष्ट हेतूचा पुरावा म्हणून धोरणातच नमूद आहे. श्री. क यांनी तो पुरावा स्वतःच्या हाताने लिहून पाठवला होता.

लढावे, नाव निमूटपणे मुदतबाह्य होऊ द्यावे, किंवा विनामोबदला सोपवून द्यावे, असे तीन मार्ग होते. लढण्यासाठी त्यांच्याकडे आधार नव्हता. त्या नावाने त्यांनी कधी व्यवसाय केला नव्हता, आणि डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्येच स्पष्ट केले होते. मुदतबाह्य होऊ देण्याचा मार्ग वरवर स्वस्त दिसतो, पण मुदत संपायला सात महिने होते आणि तेवढा काळ कंपनी थांबली नसती. वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी आपली मागणी लेखी मागे घेतली, नाव कंपनीकडे हस्तांतरित केले आणि पुढे दावा न करण्याचे कंपनीचे पत्र मिळवले. वकिलाची फी आठ हजार रुपये झाली. कंपनी तेवढ्यावर थांबली हा श्री. क यांच्या नशिबाचा भाग आहे असे मी मानतो.

साठ्यासंबंधी पर्याय

मोठा प्रश्न उरलेल्या नावांचा होता. श्री. क यांचे म्हणणे असे की आणखी एक वर्ष सगळी ठेवू, एखादे जरी लाखाला गेले तरी भरपाई होईल. पत्नीचे म्हणणे असे की सगळी सोडून द्या आणि दुकानाकडे बघा. मी सुचवले की आधी नावांची वर्गवारी करू आणि प्रत्येक वर्गाचा ग्राहक कोण हे शोधू. नोटिशीतले नाव धरून वर्गवारी अशी निघाली: प्रसिद्ध चिन्हांशी साधर्म्य असलेली ३१, हंगामी विषयांची ४४, शहर आणि सेवा जोडलेली ५८, रोमन लिपीतील मराठी शब्दांची ३९, देवनागरीतील डॉट भारत प्रत्ययाची २२ आणि सर्वसामान्य इंग्रजी शब्दांची १८.

चिन्हांसारखी ३१ नावे स्वयंचलित साधनांच्या यादीत सर्वांत वर होती आणि ३८ लाखांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम त्यांच्याच खाती मांडलेली होती. खरे पाहता त्यांचा ग्राहक एकच असू शकतो, आणि त्या ग्राहकाला ती पैसे न देता कायद्याने मिळवता येतात. ही सर्व सोडावीत यावर वाद झाला नाही. हंगामी नावांचेही तसेच, कारण हंगाम संपला होता.

खरी चर्चा झाली ती मराठी शब्दांवर. श्री. क यांना ही ३९ नावे सर्वांत प्रिय होती आणि मलाही त्यांतली काही मोहात पाडणारी वाटली. मात्र मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एकच सर्वमान्य रीत नाही. ‘दूध’ लिहिताना कोणी डी-यू-डी-एच लिहितो, कोणी मध्ये दोन ओ घालतो. ‘वाडा’ कोणी व्हीने सुरू करतो, कोणी डब्ल्यूने. एम-ए-एल-ए ही चार अक्षरे मळा, माळा, माला आणि मला या चौघांचेही रूप आहेत. असे नाव फोनवर सांगितले की ऐकणारा दुसरेच टंकतो, आणि ज्याला हे नाव विकायचे त्या व्यावसायिकाला ही अडचण आपल्याआधी कळते. आम्ही एक साधी चाचणी केली. दुकानात येणाऱ्या दहा ग्राहकांना प्रत्येक शब्द तोंडी सांगून तो मोबाइलवर रोमनमध्ये लिहायला लावला. ज्या शब्दांसाठी दहापैकी किमान आठ जणांनी तेच स्पेलिंग लिहिले, ते ठेवले. असे १३ निघाले. त्यांपैकी एकात ‘पैठणी’ हा शब्द होता. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या वापराचे हक्क नोंदणीकृत उत्पादकांशी बांधलेले आहेत, म्हणून ते नाव मनाविरुद्ध वगळले आणि बारा उरली.

डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झाले आणि त्यात मराठीही आहे. येथे स्पेलिंगचा घोळ नाही, कारण ‘मळा’ हा मळाच राहतो. पण विकत घेणारा कुठे आहे? तंत्राच्या पातळीवर देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात साठवले जाते, आणि दुवा पाठवताना अनेकदा तेच अगम्य रूप पडद्यावर उमटते. अशा पत्त्यावरचा ईमेल सर्वत्र स्वीकारला जाईलच याची खात्री नसते. श्री. क यांनी ज्या सहा व्यावसायिकांना विचारले त्या सर्वांनी भाषेचे कौतुक केले आणि डॉट इनचा भाव विचारला. २२ पैकी चार नावे ठेवली, तीही, स्पष्टच सांगायचे तर, भावनेपोटी.

शहर आणि सेवा यांच्या ५८ नावांना ग्राहक होते, पण त्यांची ऐपत ठरलेली होती. नळकाम करणारा किंवा शिकवणी घेणारा मनुष्य गूगलच्या नकाशावरील नोंद आणि व्हॉट्सॲप यांवर आपला धंदा चालवतो आणि त्या दोन्ही गोष्टी त्याला फुकट मिळतात. ज्या सेवांमध्ये एका कामाचे किमान ५० हजार रुपये मिळतात, त्यांचीच २७ नावे ठेवायची असे ठरले. इंग्रजी शब्दांची १८ नावे दिसायला सर्वांत नीरस होती. त्यांना साधनांनी फारसा भाव दिला नव्हता. ती सगळी ठेवली.

केलेली कृती

अशा रीतीने २१२ वरून साठा ६१ वर आला आणि २०२२ चा नूतनीकरणाचा खर्च ४७ हजार ६०० झाला. सोडलेली नावे एकदम रद्द केली नाहीत, तर आपापल्या तारखेला मुदत संपू दिली. ठेवलेल्या प्रत्येक नावावर ‘हे नाव विक्रीस आहे’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगणारे एक साधे पान आणि फोन नंबर टाकला. पुढील वर्षभरात शहर-सेवा गटातील दोन नावे थेट फोनवरून २२ हजार आणि ३५ हजारांना गेली.

मग नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड तालुक्यातील एका निर्यातदार पेढीतून फोन आला. द्राक्षे आणि निर्यात या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे नाव त्यांना हवे होते. फोन करणारा तरुण म्हणाला, ‘काका, आम्ही छोटी पार्टी आहोत, पंधरा हजारांत द्या.’ ऑक्टोबर छाटणी झालेली, माल जानेवारीपासून निघणार, आणि त्याआधी परदेशी खरेदीदारांना पाठवायची पत्रके छापायची होती. श्री. क यांनी लगेच होकार किंवा नकार दिला नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली. दोन वर्षांपूर्वीच्या दोन तासांतल्या उत्तराची आठवण येथे कामी आली असावी.

त्या दोन दिवसांत त्यांनी पाहिले की ही पेढी अनेक वर्षे निर्यात करते आहे आणि सध्या वापरात असलेले तिचे डोमेन नाव तीन शब्दांचे, मध्ये जोडरेघा असलेले आहे. विकायचे नाव कोणत्याही एका पेढीचे व्यापारचिन्ह नाही याचीही त्यांनी व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत खात्री केली. मग २ लाख ४० हजार मागितले. सौदा २ लाख १० हजारांवर ठरला, पण पेढीने एक अडचण सांगितली: छाटणी आणि फवारणीत पैसा अडकलेला असतो, माल निघेपर्यंत एवढी रक्कम एकदम देता येणार नाही.

मला वाटते, सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय हा होता. पूर्ण रकमेचा आग्रह धरला असता तर सौदा हंगामानंतर ढकलला गेला असता, आणि हंगामानंतर गरज उरली नसती. नाव आधी देऊन पैसे नंतर घेणे धोक्याचे होते. त्यांनी ३५ हजारांचे सहा हप्ते मान्य केले. शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव श्री. क यांच्या रजिस्ट्रार खात्यातच राहील, मात्र पहिल्या हप्त्यापासून ते पेढीच्या संकेतस्थळाकडे वळवले जाईल, दोन हप्ते चुकले तर वळवणे थांबेल आणि भरलेले पैसे भाडे समजले जातील, असा करार स्टँप पेपरवर केला. पेढीच्या वकिलाने एक कलम वाढवून घेतले: या काळात श्री. क यांचे काही बरेवाईट झाल्यास नाव हस्तांतरित करण्याची जबाबदारी त्यांच्या पत्नीची राहील, आणि खात्याचा पासवर्ड त्यांनाही माहीत असेल. हे कलम आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये सहावा हप्ता आला, हस्तांतरणासाठी लागणारा गुप्त संकेत, म्हणजे ऑथ कोड, दिला गेला आणि नाव पेढीच्या खात्यात गेले.

परिणाम

२०१९ ते २०२४ या सहा वर्षांचा वहीतला हिशेब असा. नोंदणी आणि नूतनीकरण मिळून सुमारे २ लाख ७० हजार, वकिलाची फी आठ हजार. कमिशन वजा जाता विक्रीचे उत्पन्न २ लाख ९१ हजार. म्हणजे शिल्लक तेरा हजारांच्या आसपास. त्यांच्या लेखापालाने हे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवले, कारण खरेदी-विक्री नियमित होती. त्यामुळे त्या तेरा हजारांवरही कर आहे. श्री. क यांच्या वेळेची किंमत यात धरलेली नाही, आणि निफाडचा तो एक फोन आला नसता तर दोन लाखांचे नुकसान झाले असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. शहर-सेवा गटात सहकारी बँकांना उपयोगी पडतील अशी तीन नावे श्री. क यांनी ठेवली होती. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका पुष्कळ असल्याने ग्राहक मिळेलच असा त्यांचा कयास होता. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हा राखीव प्रत्यय जाहीर केला आणि पुढे एप्रिलमध्ये ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना तेथे जाण्याची मुदत घातली. त्या तीन नावांचा बाजार एका घोषणेने संपला. देशदर्शक प्रत्ययांमधली ही जोखीम डोमेनच्या चर्चेत फारशी येत नाही. डॉट ईयू या युरोपीय संघाच्या प्रत्ययाची नावे बाळगणाऱ्या बहुतेक ब्रिटिश रहिवाशांना युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर अशाच प्रकारे ती गमवावी लागली होती.

वेगळे काय करता आले असते

ईमेलला दोन तासांत दिलेले उत्तर ही सर्वांना दिसणारी चूक आहे. माझ्या मते तिच्याहून मोठी चूक आधीची, म्हणजे ती ३१ नावे घेण्याची होती, आणि ती अज्ञानातून झाली असे श्री. क स्वतःही म्हणत नाहीत. बँकांच्या नावांबाबत दोष माझ्याकडेही येतो. ‘बँक’ हा शब्द व्यवसायाच्या नावात कोणी वापरावा यावर बँकिंग नियमन कायद्याचे निर्बंध आहेत. त्यामुळे अशा नावांचा ग्राहकवर्ग मुळातच नियामकाच्या मुठीत असतो, हे २०२२ च्या वर्गवारीत माझ्या लक्षात यायला हवे होते.

सुरुवातीपासून केवळ ती १८ इंग्रजी नावे घेतली असती तर सहा वर्षांचा खर्च फार तर ७५ हजार झाला असता आणि निफाडचा सौदा तसाच झाला असता, असे श्री. क आता म्हणतात. हा हिशेब बरोबर असला तरी त्यात थोडी पश्चातबुद्धी आहे, कारण २०१९ मध्ये हीच १८ नावे निवडता येतील अशी कोणतीही कसोटी त्यांच्याकडे नव्हती. दुकानातल्या दहा ग्राहकांची चाचणी मात्र तेव्हाही करता आली असती आणि तिला एक रुपयाही लागत नव्हता. नूतनीकरणाच्या तारखा एका महिन्यात आणून ठेवल्या असत्या, तर १ लाख ६५ हजारांचा आकडा एक वर्ष आधी, बहुधा निम्मा असताना, दिसला असता.

मार्च २०२५ मध्ये श्री. क यांच्याकडे ३७ नावे होती. त्याच सुमारास त्यांना डॉट एआय प्रत्ययाचे एक नाव घेण्याची इच्छा झाली. हा प्रत्यय कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या छोट्या बेटाचा देशदर्शक प्रत्यय आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे त्याला मोठी मागणी आहे. नोंदणी किमान दोन वर्षांची करावी लागते आणि दर डॉट इनच्या कित्येक पट आहे. पत्नीने वहीचे नवे पान उघडून त्यावर एकच प्रश्न लिहिला: हे नाव विकत घेऊ शकतील अशा तीन पेढ्या कोणत्या? श्री. क यांनी आठवडाभर शोध घेतला. दोन पेढ्यांची नावे लिहिली आणि दोन्ही खोडली. ते नाव त्यांनी घेतले नाही. पान मात्र वहीत तसेच आहे.